माझ्या विश्वासाची परीक्षा घ्यायला येऊ नका

मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब, वडील मंडळी आणि महिला संघांच्या भगिनींना,



मी नगरची. मिशन कंपाउंडात वाढले, लग्नानंतर यजमानांच्या नोकरीमुळे चेन्नईला आले आणि इथलीच झाले. रविवारी आम्ही पेरांबूरला तमिळ मंडळीत उपासनेला जातो. महिन्यातून एकदा इथली मोजकी मराठी ख्रिस्ती घरं कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात, पेटी निघते, ‘उपासना संगीत’मधली गाणी होतात आणि चहाबरोबर गावाकडच्या बातम्या. मला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला. केमो झाली, स्तन काढला, रेडिएशन झालं, आता रोजची एक गोळी चालू आहे.

हे सुरुवातीलाच स्वच्छ लिहिते, कारण गावाकडे माझ्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा ‘ताईंच्या पोटाचं ऑपरेशन आहे’ अशी सूचना दिली गेली म्हणे. पुलपिटावरून स्तन म्हणायचा संकोच वाटला असणार. देवाला काय ते कळलंच असेल. पण त्या दिवशी मंडळीत बसलेल्या एखाद्या बाईच्या छातीत गाठ असेल, तर तिला त्या सूचनेतून काही कळलं नाही, आणि ज्या गोष्टीचं नावही देवळात घेता येत नाही ती नवऱ्याला कशी सांगायची, हा तिचा प्रश्न तसाच राहिला.

तुमच्या प्रार्थनांचे माझ्यावर उपकार आहेत. रात्री झोप लागत नसे तेव्हा सोलापूरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोण कोण माझं नाव घेत असेल याचा हिशेब करण्यात माझे तास गेले आहेत. तेव्हा हे पत्र बाहेरच्या माणसाचं समजू नका. घरातलीच बाई बोलते आहे, म्हणून थोडं लागेल असं बोलेन.

पहिली तक्रार पापाची. केमोनंतर तोंडात फोड येतात, पाणीसुद्धा झोंबतं. अशा एका दुपारी फोन आला आणि पलीकडच्या ताईंनी विचारलं, ‘कुणाला क्षमा करायची राहून गेलीय का? मनात कडवटपणा असला की असे आजार होतात.’ पाठोपाठ एका वडिलांनी प्रेमाने बजावलं, ‘शंका येऊ देऊ नका, शंका आली की सैतानाला जागा मिळते.’ दोघांचाही हेतू चांगला होता, म्हणून तर उलट बोलता येईना. पण त्यानंतर कित्येक दिवस ताप आला की आधी थर्मामीटर पाहावा की आपलं मन तपासावं, हे मला ठरवता येत नव्हतं.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं होतं की हे मला का झालं. त्यांनी वय, पाळी, संप्रेरकं, घराण्यातला इतिहास असं सगळं समजावलं, आणि बहुतेक बायकांच्या बाबतीत एका कारणावर बोट ठेवता येत नाही असंही सांगितलं. आईबापांकडून आलेल्या जनुकातल्या दोषाने होणारा स्तनाचा कॅन्सर शंभर रुग्णांत पाच-दहा जणींनाच असतो. ज्यांनी यात आयुष्य घातलं त्या ‘ठाऊक नाही’ म्हणू शकतात. आपल्याला मात्र फोनवरून कारण कळतं.

पवित्र शास्त्र तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचलं आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, पाप याचं की याच्या आईबापांचं, आणि प्रभूने दोन्ही नाकारलं. ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोवर त्यांच्यासारखे मित्र नव्हते. तोंड उघडल्यावर बिघडलं, आणि शेवटी देवाचा राग झाला तो त्यांच्यावरच. हे उपदेश मी तुमच्याच तोंडून ऐकले आहेत. त्रफिमावर मात्र कधी ऐकला नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, सलाम-निरोपांच्या गर्दीत, पौल सहज कळवून जातो की त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात ठेवावं लागलं. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी आजारी बरे होत असं प्रेषितांची कृत्ये सांगतात, त्याचा सोबती आजारी राहिला! पौलाने त्याचं कारण दिलं नाही, त्रफिमाच्या विश्वासाबद्दल अवाक्षर काढलं नाही. एखाद्या रविवारी त्रफिमावर उपदेश करा. मंडळीतले आजारी त्या दिवशी ताठ बसतील.

दुसरी तक्रार मोठी आहे. प्रार्थना आणि औषध यांची आपण भांडणं लावून दिली आहेत. उघडपणे कुणी म्हणत नाही की केमो घेऊ नका. ‘डॉक्टर त्यांचं करतील, पण खरा वैद्य वरचा’ इतकंच म्हणतात, आणि पुढचं वाक्य आजारी बाई स्वतःच पूर्ण करते. रेडिएशनच्या रांगेत मला दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली एक बाई भेटली. गाठ लक्षात आल्यावर काही महिने ती चंगाईच्या सभांना जात राहिली. प्रत्येक सभेनंतर दुखणं हललं असं वाटायचं. मुळात अशी गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात पोचली तेव्हा गाठ फुटून जखम झाली होती. तिच्या पाळकाने तिला अडवलं नव्हतं, हे ती मला दोनदा म्हणाली. जा असंही सांगितलं नव्हतं, हे मी मनात म्हटलं.

आपण कोणाची लेकरं आहोत हे जरा आठवा. महाराष्ट्रात आपल्या कितीतरी मंडळ्या दवाखान्याच्या भिंतीला भिंत लावून उभ्या राहिल्या. मिरजेला विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं. पुढे त्या गावाची ओळखच दवाखान्यांचं गाव अशी झाली. वेंगुर्ल्याच्या मिशन दवाखान्याला तर लूकचंच नाव आहे, कारण शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. आपल्या आज्या-पणज्या तिथेच नर्सिंग शिकल्या, तिथेच बाळंत झाल्या. त्या काळी कुणा मिशनरी डॉक्टरने शस्त्रक्रियेआधी प्रार्थना केली तर त्यानंतर चाकू खाली ठेवला नाही.

इथे चेन्नईत राहून मला आयडा स्कडरची गोष्ट फार जवळची वाटते. चेन्नईच्या दक्षिणेला तिंडिवनम आहे. तिथे मिशनरी डॉक्टर बापाच्या घरी ती तरुण मुलगी आली असताना एकाच रात्री तीन पुरुष दारात आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या आणि पुरुष डॉक्टरने आत येणं तिघांनाही मान्य नव्हतं. आयडा डॉक्टर नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. त्या रात्री तिने प्रार्थना केली, हे आपण संडे स्कूलमध्ये सांगतो. प्रार्थनेनंतर ती अमेरिकेत परत जाऊन वैद्यकीचं शिकली, १८९९ साली पदवी घेतली, वेल्लोरला येऊन एका खाटेपासून दवाखाना उभारला आणि १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली, हा भाग आपण घाईने उरकतो. तिच्या प्रार्थनेचं उत्तर आलं ते या रूपात. मी मात्र उत्तराची वाट छतातून पाहावी, असं का?

आणि उत्तर आपल्याच माणसांच्या हातून यायला पाहिजे असंही नाही. चेन्नईतल्या अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी उभी केली, धाकटी बहीण कॅन्सरने गेल्यावर. १९५४ साली बारा खाटा आणि झोपड्यांपासून तिची सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी तिथे आलेल्या डॉ. व्ही. शांता २०२१ च्या जानेवारीत जाईपर्यंत त्याच संस्थेच्या राहिल्या, आवारातच राहायच्या. दोघी ख्रिस्ती नव्हत्या. दक्षिणेतल्या किती ख्रिस्ती बायका त्यांच्या कामामुळे वाचल्या असतील, त्यांनी सुटकेचं गाणं गाताना या दोघींची नावं घेतली का, कुणास ठाऊक.

१९५४ सालचाच एक कायदा आहे, जादूटोण्याच्या उपायांच्या आणि औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. ठरावीक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती त्याने बंद केल्या, मग त्या गोळीच्या असोत, गंड्यादोऱ्याच्या असोत की मंत्राच्या. त्या आजारांच्या यादीत कॅन्सर आहे. आपल्या सभांची पत्रकं त्यात बसतात की नाही हे वकील सांगतील. पण ‘कॅन्सर, शुगर, सर्व बंधनांतून मुक्ती, सहकुटुंब या’ असं छापायला टाकण्याआधी मंडळीच्या पंचांनी एकदा तरी थांबावं. शास्त्रात तर प्रार्थना आणि औषध शेजारीशेजारी आहेत. यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाच्या दारात असतो. त्याची प्रार्थना ऐकली गेल्याचा निरोप घेऊन यशया येतो, आणि गळवावर अंजिरांचं पोटीस लावायला सांगतो. पोटीस लावलं म्हणून हिज्कीयाचा विश्वास कमी ठरला नाही.

साक्षीबद्दलही सांगायचं आहे. रेडिएशन संपल्याचं कळताच फोन सुरू झाले, ‘आता रविवारी साक्ष द्या, प्रभूने बरं केलं म्हणून.’ मी टाळलं तर काहींना वाईट वाटलं. ऐका. माझा कॅन्सर संप्रेरकांवर पोसला जाणारा आहे. त्यासाठी टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षं, कधीकधी दहा वर्षं घ्यावी लागते, कारण हा आजार बऱ्याच वर्षांनीही परत येऊ शकतो. मी आज उभी राहून ‘बरी झाले’ म्हणाले, टाळ्या झाल्या, आणि उद्या तो परतला, तर माझी साक्ष खोटी ठरेल का? की माझा विश्वास? माझ्या आधी ज्या बहिणींनी अशी साक्ष दिली आणि पुढे गेल्या, त्यांच्याबद्दल आपण दफनानंतर दबक्या आवाजात काय बोललो ते मला आठवतं, तुम्हालाही आठवत असेल. शिवाय ‘बरी झालीस ना, मग गोळी कशाला?’ असं विचारणारेही भेटतात. त्या गोळीने अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, रात्री चादर भिजते. ती सोडायला निमित्तच हवं असतं. तुम्ही ते देऊ नका.

सर्वांत जास्त लागलेली गोष्ट माझ्याबद्दलची नाहीच. माझ्या मुलीला, ती शाळकरी आहे, एका चांगल्या मावशीने सांगितलं, ‘तू मनापासून प्रार्थना केलीस ना, तर आई नक्की बरी होईल.’ पोर रात्री उठून गुडघ्यांवर बसू लागली. माझे रिपोर्ट बिघडले की स्वयंपाकघरात कोपऱ्यात उभी राहून रडायची. तिला वाटायचं, आपलंच मन गाण्यात आणि मोबाईलमध्ये होतं. माझ्या सासूबाईंनी हे ओळखलं. त्यांनी तिला जवळ घेऊन सांगितलं की प्रार्थनेत मार्क नसतात, आणि आईची काळजी करायला मोठी माणसं आहेत, तू अभ्यास कर आणि रोज संध्याकाळी आईचं डोकं चेपून दे. लेकरांवर आईच्या जिवाचा भार टाकू नका. एवढं एक तरी या पत्रातून घ्या.

या माझ्या सासूबाई शाळेच्या शिपाई म्हणून निवृत्त झाल्या. निदान झालं तसं मुंबई-चेन्नई मेलने दौंडहून एकट्या आल्या, सोबत भाजणी आणि गुडघ्याचं तेल. पहाटे चारला त्यांची प्रार्थना सुरू व्हायची आणि सहाला गोळ्यांची डबी उघडायची. कुठली जेवणाआधी, कुठली नंतर, सगळं पाठ. त्यांना या दोन कामांत फरक वाटत नव्हता. यजमानांनी शस्त्रक्रियेनंतर काखेपासच्या नळीची पिशवी रिकामी करायला आणि किती पाणी आलं ते वहीत लिहायला शिकून घेतलं. चारचौघांत माझा हातही न धरणारा माणूस! त्यांना मात्र ‘तुम्ही कसे आहात, जेवलात का’ असं विचारणारं कुणी नव्हतं. प्रत्येकाने त्यांच्याकडून माझी खबर घेतली आणि फोन ठेवला.

अपवाद होता तो इथल्या तमिळ पाळकांचा. इथल्या मंडळीत पाळकांना ‘अय्यर’ म्हणतात. आमच्या नगरकडे सांगितलं तर लोक चमकतील. या अय्यरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, पुढची केमो कधी, आणि तारखा डायरीत लिहून घेतल्या. त्या दिवशी ते खालच्या बाकावर यजमानांशेजारी येऊन बसत, बहुतेक वेळ क्रिकेटवर बोलत. माझ्याजवळ पाचएक मिनिटं, एक छोटंसं स्तोत्र, आणि निघताना एकच प्रश्न, ‘प्रार्थना कशासाठी करू?’ मी एकदा म्हटलं, शीर सापडावी म्हणून. केमोने शिरा आक्रसल्या होत्या, नर्सबाई हातावर टिचक्या मारून थकायच्या. त्यांनी शिरेसाठी प्रार्थना केली आणि मग त्या नर्सबाईंसाठी, त्यांचं नाव विचारून. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मंडळी माझ्याबरोबर दवाखान्यात आली आहे.

भेटीगाठींबद्दलचे नियम कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. केमोनंतर साधारण आठवडाभराने पांढऱ्या पेशी खूप उतरतात. तेव्हा साधी सर्दीही दवाखान्यात दाखल करायची पाळी आणते. दहाजणींचा घोळका, त्यात एक खोकणारी, आणि सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना, हे नको. डोक्यावर केस नसताना तर नकोच. मी स्कार्फ धरून बसले होते आणि ‘आमेन’ कधी होतं याचीच वाट पाहत होते. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला ओढू नका, त्या हातावर रक्तदाब बघायला देऊ नका, तो कायमचा सुजू शकतो. याकोबाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी, मला ते हवंच आहे. पण नीट वाचा: वडिलांना बोलवायचं काम याकोबाने आजाऱ्याकडे दिलं आहे. तेव्हा आधी फोन करा, आणि आजारी ‘आज नको’ म्हणाला तर रागावू नका.

शरीराबद्दल थोडं. स्तन काढल्यावर काही जणी म्हणाल्या, ‘जाऊ दे गं, या वयात काय करायचंय त्याचं, जीव वाचला.’ जीव वाचला हे खरं. पण मी आरशासमोर काही आठवडे गेले नाही, आणि ते दुःख करायला कुणाची परवानगी लागते हे मला माहीत नव्हतं. आमच्या या शहरात थोमाचा डोंगर आहे, समुद्राजवळ त्याच्या नावाचं मोठं देऊळ आहे; परंपरा सांगते की तो इथेच मारला गेला. तोच थोमा, ज्याने जखमांचे वण पाहिल्याशिवाय मानणार नाही असा हट्ट धरला होता. पुनरुत्थित प्रभूच्या अंगावर ते वण तसेच होते आणि त्याने ते झाकले नाहीत. रेडिएशनच्या वाटेवर आमची रिक्षा त्या बाजूने गेली की मी याचा विचार करायची. यावर मला उपदेश नको. बायकांच्या संमेलनात यावर मोकळं बोलता येईल अशी एक दुपार मात्र द्या.

आता मागणं. २०२२ च्या अंदाजांनुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्याने होतो आणि ९८ हजारांच्या आसपास बायका त्याने जातात. उशिरा येणं हे त्यातलं मोठं कारण. मुंबईत टाटा रुग्णालयाने दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं एक अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका झोपडपट्ट्यांत जाऊन दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासत. २०२१ साली निष्कर्ष आले: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. लहान वयाच्या बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगते, नाहीतर पुन्हा चमत्काराची पत्रकं निघतील. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. एक खोली, पडदा, शिकलेली बाई आणि येणाऱ्या बायका लागतात. यातल्या तीन गोष्टी प्रत्येक मंडळीत आहेत. चौथी, म्हणजे शिकलेली बाई, जवळच्या सरकारी किंवा मिशन दवाखान्यातून मागा. आपल्याच किती मुली नर्स आहेत.

दुसरं, मंडळीतल्या कारकुनी येणाऱ्या तरुणांना कामाला लावा. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टियर एसीच्या भाड्यात पूर्ण माफी आहे, सोबत्याला पंचाहत्तर टक्के सवलत. पण दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो आणि अर्ध्या लोकांना हे ठाऊकच नसतं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, इथे मुख्यमंत्र्यांची विमा योजना. अर्ज भरणं, झेरॉक्स काढणं, रांगेत उभं राहणं, हे तरुण संघाने करावं. उपास-प्रार्थनेच्या शुक्रवारी जो स्वयंपाक वाचतो त्याचे पैसेही एखाद्या घरी पोचवता येतील. आणि रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत रेडिएशनचं यंत्र चालवणाऱ्यांची, केमोच्या बाटल्या लावणाऱ्यांची, वॉर्ड पुसणाऱ्या बायकांची आठवण करा.

नाताळात मी नगरला येते आहे. पेरांबूरच्या अय्यरांसारखी डायरी मी तुमच्यासाठीही घेतली आहे, भेट म्हणून. साक्ष देणार नाही, पण महिला संघाने दुपारचं सभागृह दिलं तर गाठ हाताला कशी लागते, स्तनाग्र आत ओढलं गेलं किंवा कातडीवर खळी पडली तर काय करायचं, आणि घरी कसं सांगायचं, हे मी बायकांना सांगेन. बरोबर एक डॉक्टरीण आणणं माझ्याकडे लागलं. सभागृहाच्या किल्ल्या सेक्स्टनबाबांकडे असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तेवढी तारीख कळवा, आणि या वेळी सूचनेत कार्यक्रम कशाबद्दल आहे ते नाव घेऊन सांगा.

ख्रिस्तात आपली,
नगरची एक लेक,
पेरांबूर, चेन्नई